प्राध्यापकांचें समाधान आणि वर्गांतील यंत्रें

कांहीं दिवसांपूर्वीं आमच्या हातीं एक प्रश्नावली आली. विद्यापीठांतील व महाविद्यालयांतील अध्यापक वर्गांत आधुनिक साधनांचा उपयोग किती करतात आणि त्या साधनांविषयीं ते कितपत समाधानी आहेत, हें जाणून घेण्यासाठीं ती काढलेली होती. प्रोजेक्टर, स्मार्ट बोर्ड, ध्वनिवर्धक, संगणक, इंटरनेट अशा एकेका साधनाचें नांव घेऊन तिच्यांत विचारलें होतें, कीं आपण हें वापरतां काय, आठवड्यांतून कितीदां वापरतां, आणि त्याविषयीं आपण अत्यंत समाधानी, समाधानी, तटस्थ, असमाधानी कीं अत्यंत असमाधानी आहां? प्रत्येक प्रश्नापुढें पांच चौकटी होत्या. योग्य त्या चौकटींत खूण करून कागद परत करावा, एवढेंच काम. लकडगंजांतील आमच्या घरीं सकाळच्या चहाबरोबर आम्हीं तो कागद वाचावयास घेतला, तेव्हां तें दहा मिनिटांत उरकेल असें आम्हांस वाटलें होतें. प्रत्यक्षांत दोन दिवस लोटले, तरी एकाही चौकटींत खूण करण्यास हात धजेना. तो कां धजेना, हें सांगण्यासाठीं हा लेख आहे.

ज्या मासिकांत ग्रंथांचीं परीक्षणें यावयाचीं, तेथें एका प्रश्नावलीचें परीक्षण कशासाठीं, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें, कीं प्रश्नावली हाही लेखनाचाच एक प्रकार आहे. तिला कर्ता असतो, शैली असते, आणि जगाकडे पाहण्याची एक विशिष्ट दृष्टीही असते. कादंबरी एखाद्यास पसंत पडली नाहीं तर तो ती मिटून ठेवितो. प्रश्नावलीची गोष्ट तशी नाहीं. तिच्या उत्तरांवरून अहवाल तयार होतात, अहवालांवरून खरेदी होते, आणि महाविद्यालयांचें मूल्यमापनही अशा कागदांच्या आधारें होतें. 1994 सालीं स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेच्या, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेल्या ‘नॅक’च्या, निकषांत अध्यापनासाठीं माहिती-तंत्रज्ञानाचा उपयोग हा एक मुद्दा राहत आला आहे. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकांत ‘सुसज्ज डिजिटल वर्ग’ हे शब्द वाचून आपल्या मुलामुलीचें नांव तेथें घालणारे पालक आमच्या वाचकांत पुष्कळ असतील. तेव्हां या शब्दांच्या मागें काय आहे, हें पाहणें त्यांच्याही हिताचें आहे.

प्रथम या लेखनप्रकाराची वंशावळ पाहूं. पांच पायऱ्यांची जी मोजपट्टी आज सर्वत्र दिसते, ती रेन्सिस लायकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 1932 सालीं मांडली. माणसाची एखाद्या गोष्टीविषयींची वृत्ति अजमावण्याची ती एक सोपी व उपयुक्त युक्ति होती. दुसरा पूर्वज अलीकडचा आहे. 1989 सालीं फ्रेड डेव्हिस या अभ्यासकानें असें प्रतिपादन केलें, कीं एखादी संगणक-व्यवस्था लोक स्वीकारतील कीं नाहीं हें मुख्यतः दोन गोष्टींवरून ताडतां येतें: ती आपल्या कामास उपयोगी आहे असें त्यांस वाटतें काय, आणि ती वापरावयास सोपी आहे असें वाटतें काय. हा विचार प्रामुख्यानें कचेरींतील कामकाजाच्या संबंधानें पुढें आला. कचेरींतील मनुष्य यंत्रावर पत्र लिहितो. पत्र लौकर व बिनचूक लिहून झालें तर त्याचें काम झालें. जो वापरणारा तोच बहुतांशीं काम साधणारा. म्हणून त्याला त्याचें मत विचारणें सयुक्तिक होतें.

वर्गांत आलें कीं हा हिशेब बदलतो. येथें यंत्र वापरणारा एक, आणि ज्याच्यासाठीं तें वापरावयाचें तो दुसराच. प्रोजेक्टरचें बटण दाबतो अध्यापक. त्याचें फळ निघावयाचें तें चौथ्या बांकावर बसलेल्या मुलाच्या डोक्यांत. तें निघालें कीं नाहीं हें बटण दाबणाऱ्यास विचारणें म्हणजे जेवण कसें झालें हें वाढप्यास विचारण्यासारखें आहे. वाढपी खोटें बोलेल असें नव्हे. पातेलें जड होतें कीं हलकें, पंगतींत फिरावयास जागा होती कीं नव्हती, हें तो अगदीं खरें सांगेल. परंतु आमटींत मीठ होतें काय, हें त्याला ठाऊक असण्याचें कारण नाहीं.

आमच्या घराच्या आसपास लाकडाचीं दुकानें व आरागिरण्या आहेत. हा भाग नांवाप्रमाणेंच लाकडाच्या व्यापाराचा. कापलेल्या सागाचा वास आणि आऱ्याचा आवाज हीं आमच्या सकाळचीं नित्याचीं सोबतीं होत. तेथें येणारें गिऱ्हाईक फळी हातांत घेतें, एक डोळा मिटून तिच्या कडेवरून नजर टाकतें आणि ती सरळ आहे कीं वांकडी एवढेंच पाहतें. आऱ्याचें पातें कोणत्या कारखान्याचें, हें तें विचारीत नाहीं. उलटपक्षीं, पातें बोथट झालें आहे किंवा पट्टा सैल झाला आहे अशी तक्रार कारागीर करतो, तेव्हां मालकानें ती ऐकलीच पाहिजे. नाहीं तर फळी तर बिघडेलच, पण कारागिराचीं बोटेंही जातील. म्हणून अध्यापकाचें समाधान हें निरर्थक आहे, असें आमचें म्हणणें नाहीं. त्याच्या समाधानावरून पात्याची स्थिति कळते. फळीची कळत नाहीं. प्रश्नावलीनें या दोन गोष्टींची गल्लत केली आहे, हा आमचा तिच्यावरील पहिला आक्षेप.

पात्याच्या स्थितीविषयीं म्हणाल तर सांगण्यासारखें पुष्कळ आहे. प्रोजेक्टर भिंतीवर टांगलेला असतो, पण त्याचा दिवा मंद झालेला असतो. संगणकाचें तोंड एक आणि तारेचें तोंड दुसरें. खिडक्यांस पडदे नसल्यानें दुपारच्या उन्हांत पडद्यावरचीं अक्षरें पांढऱ्यावर पांढरीं दिसूं लागतात. यंत्राची चावी ज्याच्यापाशीं तो शिपाई परीक्षेच्या कामावर गेलेला असतो. पंचेचाळीस मिनिटांच्या तासांतलीं दहा मिनिटें अशीं जातात, आणि साठ मुलें हा खटाटोप मुकाट्यानें पाहत बसतात. अशा अध्यापकानें ‘असमाधानी’ या चौकटींत खूण केली म्हणजे अहवालांत तो ‘तंत्रज्ञानाविषयीं प्रतिकूल वृत्ति’ या सदराखालीं गणला जातो, आणि त्याच्यासाठीं प्रशिक्षणवर्ग काढावा अशी शिफारस होते. त्याची मागणी प्रशिक्षणाची नसून पडद्याची, दिव्याची आणि एका जुळणाऱ्या तारेची होती, हें कोणाच्या लक्षांत येत नाहीं.

ही चूक आजची नाहीं. थॉमस एडिसन यानें 1913 सालींच असें भाकीत केलें होतें, कीं चलच्चित्रांमुळें शाळांतील पुस्तकें लौकरच निकालांत निघतील आणि दहा वर्षांत शिक्षणाची सारी घडी बदलून जाईल. दहा वर्षें गेलीं, शंभर गेलीं, पुस्तकें राहिलीं. पुढें नभोवाणी आली, दूरचित्रवाणी आली, संगणक आला. लॅरी क्यूबन या अमेरिकन शिक्षणाभ्यासकानें 1986 सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत या साऱ्या यंत्रांची वर्गांतील हकीकत सांगितली आहे, व तिचें सूत्र जवळजवळ सारखेंच आहे. प्रथम मोठमोठीं आश्वासनें, मग यंत्राची उपयुक्तता सिद्ध करणारे अभ्यास, मग वर्गांत त्याचा उपयोग अल्पच होतो असा अनुभव, आणि अखेर त्याचा दोष शिक्षकांच्या माथीं. क्यूबनच्या मतें शिक्षकांनीं यंत्रें बाजूस ठेविलीं तीं केवळ आळसानें नव्हे. खडू, फळा आणि पुस्तक हीं साधनें त्यांच्या कामाच्या अडचणींत तत्काळ व हमखास उपयोगी पडत. तसें जें पडलें नाहीं तें त्यांनीं स्वीकारलें नाहीं.

आमच्या देशांतही याच वळणाचा इतिहास आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानें 15 ऑगस्ट 1984 रोजीं दूरदर्शनवरून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठीं ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ हा कार्यक्रम सुरू केला. इन्सॅट-1बी या उपग्रहाच्या साहाय्यानें तो देशभर पोंचे, आणि त्यांतील पुष्कळ चित्रपाठ खरोखर परिश्रमपूर्वक तयार केलेले असत. आम्ही त्यानंतर कांहीं वर्षांनीं महाविद्यालयांत गेलों. आम्ही शिकलों तेथें दूरदर्शनसंच होता. तो एका लांकडी कपाटांत कुलूपबंद असे, आणि कार्यक्रमाच्या वेळीं आमचे तास चाललेले असत. शिवाय कार्यक्रमाची भाषा मुख्यतः इंग्रजी. मराठी माध्यमांतून आलेल्या आमच्यासारख्यांस चित्रें दिसत. त्यांमागचा युक्तिवाद मात्र निसटून जाई. पुढें 2004 सालीं ‘एड्युसॅट’ हा केवळ शिक्षणासाठीं योजिलेला उपग्रह अंतराळांत गेला, आणि 2017 सालीं ‘स्वयम्’ या नांवानें इंटरनेटवरील अभ्यासक्रमांचें दालन उघडलें. या प्रत्येक योजनेंत सद्धेतु होता, आणि तिच्यामुळें कोणाचा ना कोणाचा फायदाही झाला. परंतु आमच्या पाहण्यांत तरी क्रम असाच राहिला, कीं साधन आधीं आलें आणि त्याविषयींचें मत अध्यापकास मागाहून विचारण्यांत आलें.

आतां प्रश्नावलीच्या भाषेकडे वळूं. तिच्यांतील बहुतेक वाक्यांचें क्रियापद एकच आहे: वापरणें. किती वापरतां, कशासाठीं वापरतां, अधिक वापरण्यास काय अडचण आहे? ‘आपण हें साधन केव्हां बाजूस ठेवितां, आणि कां?’ असा एकही प्रश्न तिच्यांत नाहीं. जेथें ‘अधिक’ आणि ‘चांगलें’ हे शब्द एकाच अर्थानें योजिले जातात, तेथें न वापरणें हा केवळ अभावच ठरतो. तो विचारपूर्वक केलेला निर्णय असूं शकतो, ही कल्पनाच त्या भाषेंत बसत नाहीं. कोणत्याही कसबी माणसाची परीक्षा हत्यार केव्हां उचलावें इतकीच तें केव्हां खालीं ठेवावें यावरूनही होते. प्रश्नावलीच्या कर्त्यास हें कसब दिसलेलें नाहीं, हा आमचा दुसरा आक्षेप.

एक उदाहरण देतों. आम्ही अर्थशास्त्र शिकवितों. मागणीची रेषा आणि पुरवठ्याची रेषा या आमच्या नित्याच्या सोबतिणी. फळ्यावर मागणीची रेषा काढावयास पंधरा-वीस सेकंद लागतात. खडू डावीकडून उजवीकडे उतरत असतां आम्ही बोलत असतों: संत्र्याचा भाव शेकड्यास इतका असेल तर इतकीं संत्रीं खपतील, भाव उतरला तर इतकीं. रेषा पुरी होण्याच्या आधींच एखादी मुलगी विचारते, कीं भाव उतरला पण संत्रीं सडकीं असलीं तर? मग आम्ही थांबतों, आणि तो प्रश्न घेऊनच पुढची रेषा काढतों. पडद्यावर तीच आकृति सुबक, रंगीत आणि पूर्ण झालेली येते. तिच्यांत कांहीं विचारावयास उरलेलें नसतें. मुलें मोबाइल उचलून तिचें छायाचित्र घेतात आणि पुढच्या स्लाइडची वाट पाहतात. त्या तासाला आमचें समाधान अधिक असतें, हें आम्ही प्रांजळपणें कबूल करतों. अभ्यासक्रम भराभर सरकतो, घसा बसत नाहीं, कपड्यांवर खडूची भुकटी पडत नाहीं. प्रश्न मात्र कमी येतात.

या स्लाइडचें मूळही कचेरींतलेंच आहे. पॉवरपॉइंट ही प्रणाली 1987 सालीं बाजारांत आली ती व्यवसायांतील बैठकींत आपलें म्हणणें मांडणाऱ्यांच्या सोयीसाठीं. एडवर्ड टफ्टी या अमेरिकन अभ्यासकानें 2003 सालीं तिच्यावर एक प्रखर टीकालेख प्रसिद्ध केला. ठिपके देऊन लिहिलेल्या तुटक शब्दसमूहांत ‘म्हणून’ आणि ‘तथापि’ हे सांधे गळून पडतात, आणि विचाराचा सांगाडा तेवढा शिल्लक राहतो, असा त्याच्या प्रतिपादनाचा मथितार्थ आहे. त्याच वर्षींच्या फेब्रुवारींत कोलंबिया हें अमेरिकन अंतराळयान सात अंतराळवीरांसह नष्ट झालें. त्याच्या चौकशी-मंडळानेंही तांत्रिक अहवालांच्या जागीं अशा स्लाइडांवर विसंबण्याच्या प्रथेला आपल्या अहवालांत दोष दिला होता. आमच्या वर्गांत कोणाचे प्राण जात नाहींत, हें खरें. पण ज्या मुलांस मराठींतील सलग परिच्छेदही कष्टानें लिहितां येतो, त्यांस आम्ही इंग्रजींतील सांधेतुटक्या ओळी दाखवितों आणि परीक्षेंत ‘कारणें द्या’ असें विचारतों. कारणांचे शब्दच त्यांनीं पडद्यावर पाहिलेले नसतात.

समाधान आणि शिक्षण यांतील अंतर दाखविणारा एक प्रयोग येथें सांगणें अवश्य आहे. हार्वर्ड विद्यापीठांत पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक वर्गांतील विद्यार्थ्यांवर तो झाला, आणि 2019 सालीं प्रसिद्ध झाला. कांहीं विद्यार्थ्यांस एक विषय कुशल अध्यापकानें व्याख्यान देऊन शिकविला. इतरांनीं तोच विषय गटागटांनीं प्रश्न सोडवीत समजून घेतला. नंतर दुसऱ्या विषयासाठीं दोघांची अदलाबदल केली. चाचणींत प्रश्न सोडविणारांस अधिक गुण मिळाले. परंतु आपण अधिक शिकलों असें वाटलें तें व्याख्यान ऐकणारांस. हा प्रयोग यंत्रांविषयींचा नव्हे, आणि त्यांत मोजली ती भावना विद्यार्थ्यांची, अध्यापकांची नव्हे. त्याचा अर्थ त्यापलीकडे ताणूं नये. तरी त्यावरून एवढें दिसतें, कीं ओघवत्या, सुखद तासाचें समाधान आणि त्या तासाचें फळ हीं एकच नसतात. कधीं कधीं तीं परस्परविरुद्धही असतात. शिकणें हें बरेंच वेळां अडखळणें असतें, आणि अडखळणारा माणूस ‘अत्यंत समाधानी’ या चौकटींत खूण करीत नाहीं.

येथवर वाचून वाचकांस वाटेल, कीं हा खडूचा जुना कैवारी आहे आणि त्याचा निकाल आधींच ठरलेला होता. आम्हांसही बरींच वर्षें तसेंच वाटत असे. तो समज आमच्या एका विद्यार्थिनीनें मोडला. ती हकीकत सांगितल्याशिवाय हा लेख प्रामाणिक ठरणार नाहीं.

ती पहिल्या बांकावर बसे, लिहीत असे, आणि कधींही कांहीं विचारीत नसे. आमच्या मतें ती मंद पण सालस विद्यार्थिनी होती. 2020 च्या मार्चांत टाळेबंदी आली, महाविद्यालयें बंद झालीं, आणि आम्ही नाइलाजानें मोबाइलवरून शिकवूं लागलों. आमच्या फळ्याच्या जागीं आतां त्याच स्लाइडा आल्या, ज्यांस आम्ही नांवें ठेवीत असूं. दुसऱ्याच आठवड्यांत त्या मुलीचा प्रश्न आला. मग रोज येऊं लागला; आणि तेही असे, कीं उत्तर देण्यापूर्वीं आम्हांस पुस्तक उघडावें लागे. पुढें महाविद्यालय सुरू झाल्यावर आम्हीं तिला सहज म्हटलें, “टाळेबंदींत तुझी गाडी एकदम रुळावर आली गं!” ती म्हणाली, “सर, फळ्यावरचं मला कधी दिसलंच नाही. मोबाइलवर अक्षर मोठं करता येतं.” दोन वर्षें ती शेजारणीच्या वहींतून उतरवून घेत होती. शेजारीण जेथें चुके तेथें तीही चुके. आणि ती दोन वर्षें आम्ही आमच्या फळ्यावर, आमच्या खडूवर, आमच्या पंधरा-वीस सेकंदांच्या रेषेवर अत्यंत समाधानी होतों.

परंतु याच टाळेबंदींत दुसरा एक विद्यार्थी आमच्या नजरेआड झाला. आमचें विद्यापीठ 1923 सालचें. आज त्याच्या क्षेत्रांत नागपूर, वर्धा, भंडारा व गोंदिया हे चार जिल्हे येतात. हा मुलगा गोंदिया जिल्ह्यांतील एका खेड्यांतून नागपुरांत खोली घेऊन शिकत असे. वर्गांत त्याच्याइतके प्रश्न दुसरा कोणी विचारीत नसे. संत्र्यांच्या भावावर आमच्याशीं वाद घालणारा तोच. टाळेबंदींत तो गांवीं गेला. घरांत मोबाइल एक, तो वडिलांपाशीं, आणि वडील कामावर. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 2017-18 सालच्या पंचाहत्तराव्या फेरींत असें आढळलें होतें, कीं देशांतील शंभरांपैकीं सुमारें 24 कुटुंबांकडेच इंटरनेटची सोय होती. शहरांत ही संख्या 42, तर खेड्यांत केवळ 15 च्या घरांत होती. हे आंकडे टाळेबंदीच्या आधींचे आहेत, आणि त्यानंतर खेडोपाडीं मोबाइल पुष्कळ वाढले. पण ज्या वर्षीं त्या मुलास तो हवा होता, त्या वर्षीं तो त्याच्यापाशीं नव्हता. त्याची हजेरी आमच्या यादींत कोरी राहिली, आणि पुढच्या वर्षीं त्याचें नांवच यादींत नव्हतें. आम्हीं दोनदां दूरध्वनि केला. तिसऱ्यांदां केला नाहीं, ही आमची चूक होय.

आतां विचार करा. साधन एकच. त्यानें एकीला दार उघडलें आणि एकाला बंद केलें. आम्हांस त्या वर्षींही अशीच एक प्रश्नावली आली होती: ऑनलाइन अध्यापनाविषयीं आपण कितपत समाधानी आहां? आम्हीं ‘तटस्थ’ या चौकटींत खूण केली होती. त्या खुणेंत ती मुलगी कोठें आहे? तो मुलगा कोठें आहे? दोघांची बेरीज करून दोनानें भागलें म्हणजे जें उत्तर येतें तें गणिताच्या दृष्टीनें बिनचूक असतें, आणि त्यांत दोघांपैकीं कोणीच नसतें. हा आमचा तिसरा आणि सर्वांत मोठा आक्षेप. आमचें समाधान आम्हांसच फसवीत होतें: आधीं फळ्याच्या बाजूनें, मग ‘तटस्थ’ राहून. ज्या मोजपट्टीनें खडूवाल्याचा हा दोष उघडकीस आला नाहीं, ती प्रोजेक्टरवाल्याचा गुण तरी कशी सिद्ध करणार?

यावर एक वाजवी उत्तर दिलें जातें, आणि तें आम्ही टाळीत नाहीं. प्रश्नावली काढणारे म्हणतात, कीं जें मोजलें जात नाहीं त्यासाठीं पैसाही मंजूर होत नाहीं. ओबडधोबड का होईना, मोजमाप असलेलें बरें. हें आम्हांस मान्य आहे. आमची तक्रार मोजण्याविरुद्ध नाहीं. काय मोजावें याविषयीं आहे. साधनांची स्थिति मोजावयाची असेल तर समाधान विचारूं नये. दिवा लागतो काय, पडदे आहेत काय, बिघाड झाल्यास किती दिवसांत दुरुस्त होतो, हें विचारावें. याचीं उत्तरें निश्चित मिळतात. आणि शिक्षणाचा परिणाम मोजावयाचा असेल तर मुलांच्या वह्या पाहाव्या, त्यांचे प्रश्न मोजावे, आणि जो मुलगा किंवा मुलगी वर्गांत असूनही नसल्यासारखी आहे तिचा शोध घ्यावा.

शिवाय साधनाची निवड कोणीं केली, यावर पुष्कळ अवलंबून असतें. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेंतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांस 2020 च्या डिसेंबरांत ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हें जागतिक पारितोषिक मिळालें, हें वाचकांस स्मरत असेलच. पाठ्यपुस्तकांस क्यूआर-संकेत जोडून मुलांस धड्याचा आवाज व चित्रफिती ऐकण्यापाहण्याची सोय त्यांनीं केली, आणि पुढें राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही असे संकेत आले. प्राथमिक शाळेचें उदाहरण विद्यापीठास जसेंच्या तसें लागू पडत नाहीं, हें आम्ही जाणतों. तरी त्यांतला क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. तेथें प्रथम समोरचीं मुलें होतीं, मग त्यांची अडचण दिसली, मग शिक्षकानें साधन शोधलें. आमच्या महाविद्यालयांत बहुधा प्रथम साधन येतें, मग त्याची अडचण दिसते, आणि मुलें अहवालाच्या शेवटच्या पानावर येतात.

आमच्या अध्यापकबंधूंसही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण साऱ्या दोषाचें खापर प्रश्नावलीवर फोडणें न्याय्य होणार नाहीं. यंत्रास नांवें ठेवून आपल्या जुन्या टिपणांवर वर्षानुवर्षें निजणारे आमच्यांत आहेत. तींच पिवळीं टिपणें स्लाइडांवर उतरवून स्वतःस आधुनिक म्हणविणारेही आहेत. दोघांचें समाधान सारखेंच गाढ आहे. आपला विद्यार्थी काय पाहतो आणि काय पाहत नाहीं, हें विचारण्याचें दोघांच्याही मनांत येत नाहीं. आमच्या मनांत तरी तें कोठें आलें होतें? विद्यार्थिनीनें सांगितलें म्हणून कळलें, आणि तेंही एका साथीच्या योगानें.

तेव्हांपासून आम्हीं कांहीं साध्या गोष्टी केल्या आहेत. फळ्यावर लिहितों तें मोठ्यानें वाचून दाखवितों. अक्षर पूर्वींच्या दुप्पट काढतों. त्यामुळें फळा लौकर भरतो, व पुसण्यापूर्वीं सर्वांचें झालें काय हें विचारावें लागतें. आकृतीची स्लाइड मुलांच्या मोबाइलवर पाठवितों, पण तास संपल्यावर. तासाला रेषा फळ्यावरच काढतों. वर्षाच्या आरंभीं प्रत्येक मुलास एका चिठ्ठींत दोनच प्रश्न विचारतों: तुला कोठून दिसत नाहीं, आणि घरीं मोबाइल कोणाचा? पहिल्या वर्षीं बासष्ट चिठ्ठ्यांत चौघांनीं लिहिलें, कीं फळ्याच्या उजव्या कोपऱ्यावर खिडकीचा उजेड पडतो व तेथलें कांहींच वाचतां येत नाहीं. त्या कोपऱ्यांत आम्ही वीस वर्षें महत्त्वाचीं सूत्रें लिहीत आलों होतों.

शेवटीं ती प्रश्नावली आम्हीं भरली. साधनांच्या स्थितीविषयींचे जे प्रश्न होते त्यांचीं उत्तरें दिलीं. समाधानाचे रकाने कोरे ठेविले. कागदाची पाठ कोरी होती. तीवर त्या दोन चिठ्ठीप्रश्नांची नक्कल करून, ‘हे विद्यार्थ्यांस विचारावे’ अशी विनंति खालीं लिहिली. अपूर्ण भरलेला कागद गणनेंत धरला जात नाहीं, असें मागाहून समजलें. असो. पुढच्या वर्षीं दुसरी प्रश्नावली येईल, तेव्हां तिच्याही पाठीवर हेंच लिहूं. आणि ज्या वाचकांचीं मुलें महाविद्यालयांत जात असतील त्यांस आमची एवढीच सूचना आहे, कीं संध्याकाळीं मूल घरीं आल्यावर त्याला वर्गांत कोणतें यंत्र आहे हें विचारूं नये. आज तूं काय विचारलेंस, हें विचारावें.